चित्रपट पाहून ‘सुन्न झाले’ असं लिहिलं, त्यापुढे काय?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकमध्येच नोकरी करतात. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: मोबाइलवर नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ पाहिला, दोन रात्री नीट झोप लागली नाही. त्यावर लिहायचं म्हणून बसल्या, तर दीड पान गोष्टच सांगून झाली आणि शेवटी ‘जातव्यवस्था आजही तशीच आहे, अंतर्मुख करणारा चित्रपट’ एवढंच सुचलं. मैत्रिणीने वाचलं आणि विचारलं, यात तू कुठे आहेस? आता त्यांना जाणून घ्यायचंय की अशा चित्रपटावर स्वतःचं काही लिहायला सिनेमाचं तंत्र शिकावं लागतं का, आणि लागत नसेल तर आपलं नेमकं अडतंय कुठे.

मी गेली बावीस वर्षं गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतो. पन्नासेक खुर्च्या, एक पडदा, आणि चित्रपट संपल्यावर चहा घेत तासभर बोलणं. बोलून झालं की प्रत्येकाने जमेल तसं अर्धं पान लिहून आणायचं, असा आमच्याकडे पहिल्यापासून रिवाज आहे. त्यामुळे अशी अर्धी पानं मी हजारांवर वाचली असतील. त्यातली बरीचशी तुमच्या दीड पानासारखीच असतात, म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

तंत्राचं आधी सांगून टाकतो. नाही लागत. त्याकडे पुढे येतोच.

तुमची अडचण वेगळी आहे, आणि ती तुमच्या प्रश्नातच दिसते. दोन रात्री झोप लागली नाही असं तुम्ही म्हणता. ‘जातव्यवस्था आजही आहे’ हे कळल्यामुळे कुणाची झोप उडत नाही, कारण ते तुम्हाला चित्रपट पाहायच्या आधीही माहीत होतं. म्हणजे झोप उडवणारी गोष्ट दुसरीच काहीतरी होती, आणि लिहायला बसल्यावर तुम्ही तिला वळसा घालून थेट निष्कर्षावर जाऊन पोचलात. निष्कर्ष बरोबरच आहे. पण तो सगळ्यांचा आहे आणि त्याच्या आडोशाला आपल्याला सुरक्षित बसता येतं. ‘सुन्न झालो’, ‘अंतर्मुख केलं’, ‘विचार करायला भाग पाडलं’ हे शब्दही तसलेच. आमच्याकडे कुणी ‘सुन्न झालो’ लिहिलं की मी एवढंच विचारतो, कितव्या मिनिटाला? बहुतेकांना आठवतं. आणि ज्यांना आठवतं, त्यांचं लिखाण तिथूनच सुरू होतं.

नाशिककर म्हणून मला इथे दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस १९१०च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक मूकपट पाहायला गेला. त्या अनुभवाबद्दल त्यांनी पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र भराभर सरकत होतं आणि त्यांच्या मनासमोर मात्र कृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या दिसत होती, असा त्या लिहिण्याचा आशय आहे. तीन वर्षांत, १९१३ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आपण तिथे फिरायला जातो, फोटो काढतो, पण मला फाळक्यांची ही एक आठवण त्या सगळ्या वास्तूपेक्षा मोठी वाटते. एक माणूस चित्रपट पाहतोय आणि त्याच वेळी त्याच्या मनात दुसराच चित्रपट चाललाय. पडद्यावरचा सगळ्यांसाठी सारखा आहे. मनातला फक्त त्याचा आहे.

तुम्हाला जे लिहायचंय ते त्या दुसऱ्या चित्रपटाबद्दल. तुमची कथा सांगून झाली, ती पहिल्याची. ती कुणीही सांगू शकतो.

आता ‘फँड्री’कडेच येऊ, कारण तुम्ही तो पाहिलाय. जब्या हा त्यातला शाळकरी मुलगा. गावात डुकरं पकडायचं काम आल्यावर त्याचं सगळं कुटुंब त्या डुकरामागे धावतं. शाळेच्या आसपास, लोकांच्या देखत. जब्या लपत राहतो, कारण बघणाऱ्यांत त्याला आवडणारी शालू असेल. गावकरी कडेला बसून हसतात, टोमणे मारतात. तो प्रसंग बराच लांबतो. आम्ही हा चित्रपट दाखवला तेव्हा मी नेहमीसारखा मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, पडद्याकडे कमी आणि डोक्यांकडे जास्त बघत. सुरुवातीला सभागृहातही हशा पिकला. डुक्कर निसटतं, माणसं चिखलात घसरतात, हसू येतंच. मग हळूहळू एकेक जण हसायचा थांबत गेला. कुणी लवकर थांबलं, कुणी उशिरा. शेवटी तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ तेवढे हसत राहिले होते, आणि आपण एकटेच हसतोय हे ध्यानात आल्यावर त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. थोड्या वेळाने जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

त्या दिवशी चहाच्या वेळी कुणी जातव्यवस्थेवर बोललं नाही. ‘मी कधी थांबलो’ यावरच बोललं गेलं. त्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यात जे अर्धं पान आणलं, ते आमच्या सगळ्या वर्षांतलं मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेलं लिखाण आहे. त्यात त्यांनी चित्रपटाची गोष्ट चार ओळीत उरकली होती. बाकी सगळं त्यांच्या गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीतल्या एका वर्गमित्राबद्दल होतं, ज्याच्यावर शाळेत सगळे हसायचे आणि हेही हसायचे. त्यांनी माफी मागितली नव्हती, स्वतःला झोडपलंही नव्हतं. तेव्हा हसू का आलं आणि आज सभागृहात पुन्हा का आलं, एवढंच ते शोधत होते, आणि त्यांना त्याचं पुरतं उत्तर सापडलेलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न: त्या प्रसंगात तुम्हाला हसू आलं का?

इथे मी जरा थांबतो, कारण याचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला ठाऊक नाही. तुम्ही हसणाऱ्यांच्या बाजूने वाढला असाल तर तुमचा दुसरा चित्रपट एक असेल. ज्यांच्यावर हसलं गेलं त्यांच्यातल्या असाल तर तो अगदी निराळा असेल, आणि मग कदाचित तुम्हाला तो एवढ्यात लिहायचाही नसेल. तसं असेल तर लिहू नका. आमच्याकडे एक मुलगी ‘फँड्री’नंतर तीन महिने काहीच न लिहिता येत राहिली. कुणी तिला विचारलं नाही. मग तिने लिहिलं ते शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांबद्दल होतं. मेलेलं डुक्कर बांबूला लटकवून नेत असताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र दिसतं, आठवत असेल तुम्हाला. तिच्या शाळेतही तशी भिंत होती आणि जयंतीला ती भिंत पुसायचं काम कुणाकडे यायचं, एवढंच तिने लिहिलं होतं. ते लिहायचा अधिकार तिचाच होता. मी किंवा त्या गृहस्थांनी तिच्या जागी जाऊन लिहायचा प्रयत्न केला असता, तर ते खोटं झालं असतं. दुसऱ्याच्या दुःखावर आपले अश्रू वाढून ते सगळ्यांना दाखवायचे, हा अशा लिखाणातला सगळ्यात मोठा धोका आहे. आपण जिथे उभे होतो तिथूनच सांगावं.

आता तंत्राचं. तुम्हाला लाँग शॉट, मिड शॉट, जंप कट हे शब्द आले नाहीत तरी बिघडत नाही. डोळ्यांना काय दिसलं आणि कानांना काय ऐकू आलं, ते साध्या मराठीत सांगता आलं की पुरे. ‘कोर्ट’ दाखवला तेव्हाची गोष्ट सांगतो. चैतन्य ताम्हाणेंचा २०१४चा चित्रपट, लोकशाहीर नारायण कांबळेंवरच्या खटल्याचा. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून असतो. आमच्यात सिनेमाचा कोर्स केलेला एक तरुण होता, त्याने त्या स्थिर चौकटींवर छान लिहिलं, नावं घेऊन, संदर्भ देऊन. त्याच दिवशी निफाडहून येणारे एक द्राक्ष बागाईतदार होते. बांधाच्या वादात त्यांच्या आयुष्याची अकरा वर्षं कोर्टाच्या तारखांमध्ये गेलेली. त्यांनी लिहिलं की या सिनेमात बाकावरून बघतो तसं बघायला मिळतं. बाकावर बसलेल्या माणसाला पुढे जाऊन साहेबांचा चेहरा जवळून बघता येत नाही, मान वळवून इकडे-तिकडे बघितलं तर बाजूचा माणूस काहीतरी विचारतो, म्हणून तो एका दिशेने बघत राहतो. आणि आपलं प्रकरण पुकारलं जाईपर्यंत दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत बसतो.

दोघांनी सांगितलं एकच. पण कॅमेरा का हलत नाही हे मला बागाईतदारांच्या परिच्छेदानंतर कळलं. तंत्र शिकलात तर चांगलंच आहे, पुण्याला चित्रपट रसास्वादाचे वर्ग होतात, जमलं तर जरूर जा. मी स्वतः खूप उशिरा गेलो आणि मला फायदा झाला. पण ते शिकून होईपर्यंत थांबू नका. तुमच्या नोकरीत, घरात, प्रवासात तुम्ही जे रोज बघता त्याचं ज्ञान तुमच्याकडे आहे, आणि चित्रपट त्यालाच हात घालत असतो.

आता माझी स्वतःची चूक सांगायला हवी, कारण मी जे शिकलो ते तिच्यातून.

अकिरा कुरोसावांचा ‘इकिरू’ मी पहिल्यांदा पाहिला तो १९९६ साली, कुणाकडून तरी मागून आणलेल्या कॅसेटवर. १९५२चा जपानी चित्रपट. वातानाबे नावाचा नगरपालिकेतल्या एका विभागाचा प्रमुख, तीस वर्षं कागदांवर शिक्के मारत बसलेला. त्याला पोटाचा कर्करोग झाल्याचं कळतं. काही बायका आपल्या वस्तीतलं घाण पाणी साचलेलं डबकं बुजवून तिथे मुलांना खेळायला जागा करून द्या म्हणून कधीपासून या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घालत असतात. उरलेल्या दिवसांत तो ते एक काम धसास लावतो. बाग होते. बर्फ पडत असताना तो त्या बागेतल्या झोपाळ्यावर बसून गाणं म्हणतो.

मी स्वतः तेव्हा एका सरकारी कचेरीत होतो, आवक-जावक आणि नंतर पेन्शनचं टेबल. साहजिकच चित्रपट माझ्यावर येऊन आदळला. मी उत्साहाने दोन पानं लिहिली. मृत्यूची चाहूल माणसाला जगायला शिकवते वगैरे. शेवटी लिहिलं की झोपाळ्यावरच्या त्या तृप्त चेहऱ्यावर चित्रपट संपतो. लोकांनी वाहवा केली. मी ती पानं जपून ठेवली.

बारा-तेरा वर्षांनी तोच चित्रपट आमच्याकडे लावला तेव्हा मी पुन्हा मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. झोपाळ्याचा प्रसंग आला, गेला, आणि चित्रपट संपला नाही. वातानाबे तर आधीच, चित्रपटाचा मोठा भाग शिल्लक असतानाच मेलेला असतो. नंतरचं सगळं त्याच्या घरी जमलेल्या लोकांच्या आठवणींतून येतं, झोपाळा तिथे आलेल्या एका पोलिसाच्या आठवणीतला. जमलेले सहकारी दारूच्या भरात रडतात, आता आपणही त्याच्यासारखं काम करायचं अशा शपथा घेतात. आणि त्यानंतर कचेरीचा एक प्रसंग आहे जो माझ्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. पुन्हा एक तक्रार येते, पुन्हा ती दुसऱ्या खात्याकडे धाडली जाते. एक सहकारी ताडकन उठून उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो काही बोलत नाही. खाली बसतो आणि कागदांच्या ढिगामागे दिसेनासा होतो. अगदी शेवटी तो पुलावर उभा राहून खाली खेळणारी मुलं बघतो आणि निघून जातो.

मी ते विसरलो कसा? त्या रात्री घरी जाऊन जुनी दोन पानं काढली आणि मग कळलं. त्या वर्षांत पेठ तालुक्यातून एक म्हातारी बाई माझ्या टेबलाशी यायची, नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी. नावातल्या एका अक्षराचा फरक होता. मी तीनदा ‘त्रुटीपूर्तीसाठी परत’ असा शेरा मारला. नियमाने बरोबर होतं. पण तिच्याबरोबर एकदा चार पावलं चालून वरच्या मजल्यावर गेलो असतो तर ते एका दिवसात सुटलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. एकदा तर मी उठलोही होतो खुर्चीतून. मग बसलो. चौदा महिने ती एसटीने येत राहिली.

‘इकिरू’ पहिल्यांदा पाहताना माझ्या मनातल्या पडद्यावर ती बाई होती. पण लिहिताना मी स्वतःला वातानाबेच्या जागी बसवलं, झोपाळ्यावर. मी होतो तो उठून पुन्हा बसलेला सहकारी. म्हणून माझ्या आठवणीने तो प्रसंगच कापून टाकला आणि मला सोसेल अशा ठिकाणी चित्रपट संपवला. नंतर मी पुन्हा लिहिलं. या वेळी फक्त त्या खाली बसण्याबद्दल.

एवढं लांबण लावून सांगितलं ते यासाठी की आठवणीवर विसंबून राहू नका. आपण चित्रपट आपल्या सोयीने आठवतो, आणि कुठे चुकीचं आठवतोय तिथेच बहुतेक वेळा आपलं काहीतरी दडलेलं असतं. आता तर तुम्हाला मोबाइलवर हवा तो प्रसंग काढून पाहता येतो, आम्हाला त्यासाठी कॅसेट पुढे-मागे करत बसावं लागायचं. ही सोय वापरा.

मी कसं करतो ते सांगतो, तुमच्या सवयीप्रमाणे बदलून घ्या. चित्रपट संपल्या रात्री मी लिहीत नाही. एका कागदावर फक्त मनात राहिलेल्या चार-पाच वस्तू टिपतो. विचार अजिबात नाहीत, वस्तू. दगड. खुर्ची. कुणाचा तरी खाकरण्याचा आवाज. भिंतीवरचा रंग. त्या दोन-तीन दिवसांत दुसऱ्या कुणाचं परीक्षण वाचत नाही आणि यूट्यूबवर ‘शेवट समजून घ्या’ छापाचं काही बघत नाही. एकदा दुसऱ्याचे शब्द डोक्यात बसले की ते निघत नाहीत. दोन दिवसांनी कागद काढून बघतो, त्यातलं काय अजून खुपतंय. एकच उरतं, क्वचित दोन. मग तो प्रसंग पुन्हा पाहतो आणि तो असा लिहून काढतो की चित्रपट न पाहिलेल्या माणसाला डोळ्यांपुढे दिसावा. त्यात एकही विशेषण घालायचं नाही असा प्रयत्न असतो. हे दिसतं तेवढं सोपं नाही, मला अजूनही तीन-चारदा खोडावं लागतं. पण हे झालं की ‘मला हेच का खुपलं’ याकडे जायची वाट आपोआप मोकळी होते.

कथानकाबद्दल: वाचणाऱ्याला प्रसंग समजायला लागेल तेवढंच. तुमच्या दीड पानातून पाच-सहा ओळी उरल्या तरी पुरतील.

‘मी’ किती आणायचा, हाही प्रश्न पुढे येईलच. काही जणांना वाटतं की व्यक्तिगत लिहायचं म्हणजे आपलं चरित्र सांगायचं. तसं नाही. मी त्या म्हातारीबद्दल आठ ओळी लिहिल्या होत्या, त्याही तिचं नाव-गाव न घेता. तिची गोष्ट चित्रपटातल्या त्या एका हालचालीवर प्रकाश टाकत होती तेवढीच घेतली. चित्रपट विसरून आपण आपल्याच आठवणीत रमलो की समजायचं, पुन्हा पडद्याकडे बघायची वेळ झाली. दर दोन-तीन परिच्छेदांनी मी हे तपासतो. आणि रोजनिशीत लिहिताय की चार लोकांना वाचायला देणार आहात, यावरही बरंच ठरतं. रोजनिशीत सगळं लिहा. बाहेर देताना ज्यांचा उल्लेख आलाय ती माणसं वाचतील असं धरून वाचून बघा.

आणखी एक, जे माझं मत आहे, सगळ्यांना पटेल असं नाही. विचार करायला लावणारे म्हणून जे चित्रपट नावाजले जातात त्यातले काही प्रत्यक्षात विचार तयार करून हातात देतात. शेवटच्या पंधरा मिनिटांत एक पात्र उभं राहून सगळं बोलून टाकतं, आपण टाळ्या वाजवतो आणि आपण आधीपासूनच योग्य बाजूला होतो असं वाटून समाधानाने घरी येतो. अशा चित्रपटावर तुम्हाला स्वतःचं काही सुचलं नाही तर दोष स्वतःकडे घेऊ नका. ‘फँड्री’ तसा नाही. त्यात कुणी भाषण करत नाही. म्हणूनच तुमचं शेवटचं वाक्य मला परकं वाटलं, चित्रपटाने न केलेलं भाषण तुम्ही केलंत.

तर आता पुढचं काम. तुमचं दीड पान फाडू नका, बाजूला ठेवा. डुक्कर पकडण्याचा प्रसंग पुन्हा लावा, या वेळी मोबाइलवर नको, शक्यतो मोठ्या पडद्यावर आणि शेजारी कुणीतरी असताना. कडेला बसलेल्या गावकऱ्यांचे चेहरे बघा. त्यात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो का बघा, मग तो तुमच्या गावचा असो, ऑफिसातला असो की घरातला. झोप उडवणारं तुमचं ठिकाण कदाचित या प्रसंगात नसेलही, जब्याच्या वडिलांच्या, कचरूच्या, झुकलेल्या मानेत असेल, शालूच्या हसण्यात असेल, राष्ट्रगीत सुरू झाल्यावर सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटून जातं तिथे असेल. ते तुम्हीच शोधायचं आहे. सापडलं की पहिली पाच वाक्यं फक्त तिथे काय दिसतं याची लिहा आणि मला पाठवा. पुढचं त्यावरून बोलू.